मंदीत थाळीचं हॉटेल कसं टिकवायचं? दर कमी करू, ताट लहान करू की रात्रीचं बंद करू?

थाळीवाला_वाकड

नमस्कार मंडळी, इथे हॉटेल लाइनमधले बरेच जण आहेत म्हणून मोकळेपणाने विचारतोय. मी आणि माझी बायको वाकडला आतल्या रस्त्यावर महाराष्ट्रीयन थाळीचं हॉटेल चालवतो, चाळीसेक खुर्च्या, प्युअर व्हेज, दारू वगैरे काही नाही. आमचा धंदा मुळात दुपारचा, हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं-पोरी आठ-दहाच्या ग्रुपने यायची, टेबलं जोडून द्यावी लागायची, आणि रविवारी फॅमिली. आता गेले बरेच महिने दुपार पार बसलीय. कंपन्यांत माणसं कमी केल्याच्या बातम्या, कोणाचं इन्क्रिमेंट नाही, कोणाचा प्रोजेक्ट गेला, जे आठ जण यायचे ते तीन येतात आणि त्यातही दोन थाळ्या नि एक चपाती-भाजी सांगतात. आम्रखंडाची वाटी एक्स्ट्रा घेणारे जवळजवळ संपलेत, सोलकढी पण नको म्हणतात. उरलेला भात-भाजी पार्सल करून द्या असं आधी कोणी म्हणायचं नाही, आता रोज दोन-तीन टेबलं म्हणतात, आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, अन्न वाया जाऊ नये, पण यावरून लोकांचा हात किती आखडलाय ते कळतं.

रविवारी अजूनही वेटिंग असतं पण बिल आधीएवढं होत नाही. इकडे खर्च एकही कमी झालेला नाही. वस्ताद, म्हणजे आमचा मुख्य आचारी, पगार वाढवून मागतोय (आणि तो चुकीचा नाही, त्याचंही गावाकडे घर आहे), भाड्याचा करार संपत आलाय आणि मालक नेहमीसारखी वाढ धरून बसलेत. डिलिव्हरी ॲपवर ऑर्डरी येतात पण डिस्काउंट लावला तरच येतात, बंद केला की दुसऱ्या दिवशी शांत.

तर माझे प्रश्न असे, थाळीचा दर कमी करावा का, की दर तोच ठेवून ताटातले पदार्थ कमी करावे, की सोमवार ते गुरुवार रात्री बंद ठेवावं, की डबे चालू करावे. बायको म्हणते डबे, मी अजून ठरवलेलं नाही. ज्यांनी २००८ ची मंदी आणि नोटबंदी हॉटेलात बसून काढलीय त्यांनी प्लीज सांगा.

ठाण्याचा_गल्ला

भाऊ, आमचं हॉटेल वडिलांपासून आहे, दोन्ही काळ बघितलेत. सगळ्यात आधी एकच सांगतो, ताट लहान करू नका. वाटी बदलली, आमटी पातळ केली, कोशिंबिरीत काकडी कमी नि पाणी जास्त, हे मालकाला वाटतं कोणाच्या लक्षात येत नाही पण रोजच्या गिऱ्हाइकाला पहिल्या घासाला कळतं आणि तो तुम्हाला बोलत नाही, फक्त यायचा बंद होतो. तुमचा धंदाच अनलिमिटेडवर आणि पोट भरण्यावर आहे.

त्यापेक्षा मोठी थाळी आहे तशी ठेवा आणि तिच्या शेजारी दुसरी आणा, राईस प्लेट टाइप, दोन चपात्या, एक भाजी, आमटी, भात, लोणचं, बस. उडप्यांची हॉटेलं इतकी वर्षं उभी आहेत ती याच्यावर, ज्याच्याकडे आज कमी पैसे आहेत त्याला मेनूकार्डात त्याच्या खिशाचं काहीतरी मिळतंच. तो माणूस आज राईस प्लेट खाईल, पगार झाला की मोठी थाळी खाईल, पण तुमच्याच टेबलावर.

भाज्या आधी लिहून ठेवू नका. "आजची भाजी" असा फळा लावा आणि पहाटे मार्केट यार्डात स्वतः जाऊन त्या दिवशी जे स्वस्त नि चांगलं आहे ते घ्या. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभरी पार करून कुठच्या कुठे गेला तेव्हा बऱ्याच जणांचं ग्रेव्हीचं गणित कोलमडलं, आम्ही आमटीत चिंच-गूळ आणि आमसूल वाढवलं, भाजीत दही वापरलं, मराठी जेवणाला ही सोय आहे जी पंजाबी मेनूला नाही. तेलाचं तसंच, सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरची बेसिक आयात ड्यूटी शून्यावरून २० टक्के केली तेव्हा डबा कसा चढला आठवत असेल, मे २०२५ ला ती १० वर आणली पण दुकानदाराने त्या मानाने उतरवलं का ते तुम्ही विचारल्याशिवाय कळणार नाही. पुऱ्या नि भजी रोज असतील तर ते रविवारवर न्या, रोज चपाती. तळणातलं तेल हा सगळ्यात गुपचूप होणारा खर्च आहे.

गॅस बघा. १९ किलोचा कमर्शियल सिलेंडर २०२२ मध्ये दोन हजारांवर गेला होता तेव्हापासून मी रोज किती वजन जळलं ते लिहायला लावतो. पोरं सकाळी आल्या आल्या तीन शेगड्या पेटवतात आणि तवा नुसताच तापत राहतो. तुमच्याकडे एमएनजीएलच्या पाइप गॅसची लाइन गल्लीत आली असेल तर चौकशी करा.

आणि वस्तादाला सोडू नका. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ज्यांनी माणसं वाऱ्यावर सोडली त्यांच्याकडे हॉटेल उघडल्यावर शटर होतं, किचन होतं, हात नव्हते. आमची पोरं ओडिशाची नि उत्तराखंडची, त्यांना अर्धा पगार नि राहायची सोय दिली होती म्हणून परत आली. पगार लगेच वाढवता येत नसेल तर तसं समोर बसून सांगा, गल्ला दाखवा, आणि कधी वाढवणार ती तारीख द्या.

आकडेमोड_पुणे

मी सीए आहे, बऱ्याच हॉटेलवाल्यांची पुस्तकं बघतो. ठाण्याच्या दादांनी किचनचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर, मी कागदावरचं सांगतो, कारण हॉटेल बंद पडताना बहुतेक वेळा चव उतरलेली नसते, भाडं आणि कमिशन जेवण खाऊन टाकतं.

१५ नोव्हेंबर २०१७ पासून रेस्टॉरंटला ५ टक्के जीएसटी आहे पण इनपुट क्रेडिट नाही. म्हणजे तुम्ही भाड्यावर, कमर्शियल गॅसवर, ॲपच्या कमिशनवर जो १८ टक्के भरता तो कुठेही वळता होत नाही, तो सरळ तुमचा खर्च. त्यामुळे २५ टक्के कमिशन म्हणजे खरं २९.५ टक्के. आता हे करून बघा, थाळी ३०० ची, डिस्काउंट २० टक्के, तो तुमच्याच खिशातला, उरले २४०. त्यावर २५ टक्के कमिशन ६० आणि त्यावरचा जीएसटी १०.८०, हातात १६९.२०. डबे, पिशवी, चमचा, टिश्यू मिळून १५ धरा, १५४. आता ३०० च्या थाळीत कच्चा माल ३५ टक्के म्हणजे १०५. राहिले साधारण ४९ रुपये आणि यात गॅस, पगार, भाडं, लाइट सगळं. हेच गिऱ्हाईक तुमच्या टेबलावर बसलं किंवा थेट फोन करून पार्सल न्यायला आलं तर १०५ वजा जाऊन १९५ शिल्लक. तुमचे टक्के वेगळे असतील, स्वतःचे घालून बघा, पण ॲपवरची विक्री वाढली म्हणून खूश होण्याआधी हा हिशोब भिंतीवर चिकटवा. ॲप बंद करा असं मी म्हणत नाही, नवीन माणसाला तुमचं नाव तिथूनच कळतं, पण डिस्काउंट बंद करा आणि प्रत्येक पार्सलमध्ये तुमचा नंबर असलेलं कार्ड टाका. आणि १ जानेवारी २०२२ पासून ॲपवरच्या ऑर्डरीचा जीएसटी ॲपच भरतं, तो आकडा तुमच्या रिटर्नमध्ये वेगळा दाखवताय ना ते तुमच्या अकाउंटंटला विचारा, मी अशा केसेस बघितल्यात जिथे मालक तोच टॅक्स दुसऱ्यांदा भरत होता.

कोणीतरी कॉम्पोझिशन, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी स्कीम, सुचवेल. दीड कोटीच्या आत उलाढाल असेल तर घेता येतं पण तिथेही ५ टक्केच, वर गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही, स्वतःच्या खिशातून, आणि ॲपवर विकता येत नाही. तुमच्यासाठी त्यात फारसं काही नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद पनीरवर जीएसटी शून्य झालाय, तूप-लोणी-चीज १२ वरून ५ वर आलंय. सप्लायरची जुनी नि नवीन बिलं शेजारी ठेवून बघा, दर खाली आलेत का.

आता भाडं. भाडं विक्रीच्या १५ टक्क्यांच्या वर गेलं की छोट्या हॉटेलचा श्वास कोंडतो असं माझं अनुभवावरून मत आहे. करार संपतोय हे तुमच्यासाठी चांगलंय, बोलायची हीच वेळ. मालकाला नुसतं "कमी करा" म्हणू नका, विक्रीचे महिन्यागणिक आकडे घेऊन जा आणि दोन पर्याय द्या, एक, यावर्षी वाढ नाही आणि पुढच्या वर्षी ठरलेली वाढ, दोन, कमी ठरावीक भाडं आणि वर विक्रीचा काही टक्का. मोकळा गाळा पडून राहिला तर मालकाचंही नुकसान आहे, मेंटेनन्स नि प्रॉपर्टी टॅक्स थांबत नाही. जे ठरेल ते नोंदणीकृत करारात आणा, तोंडी नको, लॉक-इन, म्हणजे जितका काळ जागा सोडता येत नाही तो, तुमच्या बाजूने लहान ठेवा. आणि मालक जीएसटीत नोंदलेला नसेल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून भाड्यावरचा १८ टक्के तुमच्यावर रिव्हर्स चार्जने येतो, म्हणजे मालकाऐवजी तुम्ही थेट सरकारला भरायचा, तो धरून भाडं बोला, नाहीतर सही झाल्यावर कळतं.

कोथरूडची_मृण्मयी

मी हॉटेलवाली नाही, दुसऱ्या बाजूने सांगते. नवऱ्याचा जॉब गेल्या वर्षी गेला, जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरात १२ हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हापासून आमच्या सोसायटीत प्रत्येक घरात हीच चर्चा होती, मग आमच्याच घरात आलं. आता तो परत लागलाय पण कमी पगारावर. आम्ही काय काय बंद केलं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. सगळ्यात आधी कंटाळा आला म्हणून रात्री मागवणं बंद केलं. मग मॉलमधलं जेवण. मग मित्रांबरोबरचं कॅफे वगैरे. पण आई-बाबांना घेऊन महिन्यातून एकदा थाळी खायला जाणं बंद नाही केलं, उलट त्याची वाट बघतो. म्हणजे बाहेर खाणं थांबलं नाही, उगाचचं खाणं थांबलं. तेव्हा तुमचा रविवार सांभाळा, तिथे काही कमी करू नका.

आणि एक मनापासून विनंती, "एक थाळी दोघांत चालणार नाही" असे बोर्ड मोठ्या अक्षरात लावू नका. मला कळतं अनलिमिटेड आहे, दोघं खातील तर परवडत नाही. पण सासऱ्यांचं वय ७८, ते दीड चपाती नि वाटीभर वरण-भात खातात, त्यांच्यासाठी पूर्ण थाळीचे पैसे द्यायला जड जातं आणि वेटरशी वाद घालायला त्याहून जड जातं, समोर सगळे बघत असतात. ज्येष्ठांसाठी आणि लहान मुलांसाठी अर्धी थाळी ठेवा, दर बाहेरच लिहा, आम्ही आत यायच्या आधी हिशोब करून येतो आजकाल. जिथे मान राखला जातो तिथे माणूस चांगले दिवस आले की परत येतो, हे मी आमच्याबद्दल नक्की सांगू शकते.

लालबाग_जुना

माझं वय झालंय, टाइप करायला वेळ लागतो तरी लिहितो कारण प्रश्न वाचून राहवलं नाही. आमची आई लालबागला खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, त्यात आम्ही, आणि पाळीपाळीने जेवायला येणारे गिरणीतले मेंबर, बहुतेक कोकणातले नि साताऱ्याकडचे, घरची माणसं गावाला. गिरणगावात अशा कितीतरी बायका होत्या, त्यांना बँक दारात उभं करत नव्हती म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ग्रुपने कर्ज मिळायला लागलं, किराणावाल्याच्या उधारीतून सुटका झाली.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. अडीच लाख कामगार. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं महिना-दोन महिने, आईने कोणाला ताटावरून उठवलं नाही, वहीत लिहून ठेवायची. हळूहळू मेंबर गावाला निघून गेले. वहीतले काही पैसे कधीच आले नाहीत, काहींनी पुष्कळ वर्षांनी मुलाच्या हाती पाठवले. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की संप कागदोपत्री संपला-न-संपला तरी गिरण्या पूर्वीसारख्या कधी चालल्याच नाहीत, आणि त्या खानावळींचं गिऱ्हाईक परत आलं नाही. ज्या बायका "संप मिटला की सगळं सुरळीत होईल" म्हणून थांबल्या त्यांचं दागिना-दागिना करत सगळं गेलं. ज्यांनी ऑफिसात डबे पोचवायला सुरुवात केली, लग्नामुंजीच्या पोळ्या लाटल्या, त्यांची चूल चालू राहिली. आईने पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्या, सणावाराला रात्रभर पाटा-वरवंटा चालायचा.

म्हणून थाळीवाल्यांना माझा प्रश्न, तुमचं गिऱ्हाईक हात आखडून बसलंय की निघून गेलंय? दोन्हीला उपाय वेगळे आहेत. तेच चेहरे कमी वेळा येत असतील तर कळ काढा, वर सगळ्यांनी सांगितलंय ते करा. चेहरेच दिसेनासे झाले असतील, ऑफिसचा मजलाच रिकामा झाला असेल, तर दर कमी करून कोणासाठी करणार? कंपन्या घरून काम द्यायला लागल्या त्याचं मला फार कळत नाही, मुलगा सांगतो. तुम्ही गल्ल्यावर बसता, तुम्हाला कळेल.

पेठेतली_मेस

काकांनी लिहिलंय ते वाचून गलबलून आलं. मी सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुलांची मेस चालवते. २०२० ला पेठ ओस पडली होती, अभ्यासिका बंद, पोरं गावाला, मला वाटलं संपलं. पण परीक्षा होत्या, जागा निघणार होत्या, तेव्हा पोरं परत येणार हे दिसत होतं म्हणून मी भांडी विकली नाहीत. काका म्हणतात तो फरक हाच.

ठाण्याच्या दादांनी राईस प्लेट सांगितली, माझं मत मात्र डब्याच्या बाजूने आहे. राईस प्लेटने टेबल भरेल पण उद्या किती जण येणार ते कळणार नाही. महिन्याचे पैसे आगाऊ घेतले तर तुम्हाला आज रात्रीच माहिती असतं की उद्या किती चपात्या लाटायच्या, कणीक वाया जात नाही, आणि किराणा रोखीने घेता येतो, रोखीला वाण्याकडे भाव वेगळा असतो. मी कुपन देते, सुट्टीला गावाला गेलं तर आदल्या दिवशी सांगायचं, तो दिवस पुढे ढकलला जातो, न सांगता नाही आलं तर गेला. रविवारी फीस्ट. एकच पथ्य, डब्याची भाजी हॉटेलच्या उरलेल्या भाजीतून द्यायची नाही कधीच, रोजचं खाणाऱ्याला तिसऱ्या दिवशी कळतं. तेल-तिखट पण हॉटेलचं चालत नाही, घरच्यासारखं लागतं, त्यासाठी वस्ताद नको, शेजारपाजारच्या दोन मावश्या घ्या.

सुरुवातीला चालत जाता येईल एवढ्याच अंतरात द्या. लांबचे डबे घेतले की पोरगा ठेवा, पेट्रोल, डबा हरवणं, सगळं सुरू होतं.

थाळीवाला_वाकड

सगळ्यांचे खूप आभार, दोघांनी मिळून दोनदा वाचलं. लालबागच्या काकांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही म्हणून बायकोने यूपीआयची जुनी यादी काढली आणि नावं जुळवत बसलो. रविवारची फॅमिली जवळपास तीच आहे, फक्त मध्ये अंतर वाढलंय. आजूबाजूच्या सोसायट्यांतले पण तेच. दुपारचे मात्र दोन मोठे ग्रुप पूर्ण गायब आहेत, त्यातल्या एका मुलाला फोन केला तर म्हणाला त्यांचं ऑफिसच दुसरीकडे हलवलंय, आठवड्यातून काही दिवस जावं लागतं आणि आता वाकड वाटेत येत नाही. म्हणजे काका, तुमच्या भाषेत सांगायचं तर अर्धं आखडलंय आणि अर्धं गेलंय.

त्यामुळे असं ठरवतोय. मोठी थाळी नि तिचा दर आहे तसाच, शेजारी राईस प्लेट, आणि ज्येष्ठ नि मुलांसाठी अर्धी थाळी, दर दारातच (मृण्मयीताई, आमच्याकडे तो शेअरिंगचा बोर्ड होता, काल काढला). ॲपवरचा डिस्काउंट या महिन्याअखेर बंद. आकडेमोड सरांच्या पद्धतीने माझे आकडे घातले तर माझ्याकडे ४९ पण उरत नव्हते, ३८ आले. सोमवार ते गुरुवार रात्रीचं टेबल बंद, त्या वेळात डब्याचं किचन, बायको बघणार, सोसायटीतल्या दोन काकू तयार आहेत. वस्तादाशी बोललो, दिवाळीला वाढ असं ठरलं, त्याने तारीख लिहून घेतली आणि मला ते आवडलं. मालकांना शनिवारी भेटतोय, विक्रीचा कागद तयार केलाय, रिव्हर्स चार्जचं त्यांनाही माहीत नव्हतं.

पेठेतली ताई, एक विचारायचंय. डब्याचं डिपॉझिट घेता का, आणि स्टीलचे चार कप्प्याचे घेऊ की तीन? आमच्याकडे लोक आमटी नि ताक दोन्ही मागतायत.

पेठेतली_मेस

डिपॉझिट घ्याच, आणि दोन सेट करा, एक त्यांच्याकडे एक तुमच्याकडे, नाहीतर सकाळी रिकामा डबा यायची वाट बघत बसावं लागतं. तीन कप्प्याचे घ्या, ताक डब्यात देऊ नका, सांडतं आणि उन्हाळ्यात आंबतं, हवं त्याला वेगळी बाटली, तिचे पैसे वेगळे. भांडी तुळशीबागेपेक्षा रविवार पेठेत वजनावर घ्या. मी कुपनचा नमुना व्यनि (खासगी मेसेज) केलाय, बघा.